चोळीचे पैसे

वृद्धाश्रमात नोकरी केली असं सांगितलं की लोक ठरलेले प्रश्न विचारतात. मुलं खरंच भेटायला येत नाहीत का, जेवण कसं असतं, कुणी गेलं तर सगळं कोण करतं. इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही की त्या माणसांच्या खिशात पैसे असतात का. मी कामावर रुजू झालो तेव्हा मलाही हा प्रश्न पडला नव्हता. पुढे पडला, आणि मी त्याचं जे उत्तर काढलं त्याची टोचणी आज पन्नाशी उलटल्यावरही गेलेली नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागापूरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. नटबोल्ट, ग्रीस, हातमोजे असा माल सांभाळायचा, मागणी आली की सही घेऊन द्यायचा, उरलेला परत जमा करून घ्यायचा. कारखाना बंद पडला आणि ओळखीतून राहात्याजवळच्या एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात व्यवस्थापकाची जागा मिळाली. ट्रस्टच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला एकच विचारलं, "हिशोबाला पक्के आहात ना?" मी पक्का होतो. पुढच्या सगळ्या गोष्टीला तेच कारण झालं.

आश्रम म्हणजे पेरूच्या बागांना लागून पत्र्याच्या दोन लांब चाळी, मध्ये अंगण, पुढे ओटा. राहणं, खाणं, औषध आश्रमाचं. त्याखेरीज प्रत्येकाला महिन्याला थोडे रोख पैसे मिळत, त्याला आम्ही हातखर्च म्हणत असू. ज्यांच्या घरून पैसे येत त्यांना त्यातून, ज्यांना सरकारी मदत मिळे त्यांना त्यातून, आणि ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांना देणगीतून. मी आलो तेव्हा तो पंचवीस रुपये होता. महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी सकाळी ओट्यावर टेबल मांडायचं, नाव घेऊन बोलवायचं आणि पैसे हातावर ठेवायचे.

त्या दिवशी म्हातारी माणसं सकाळीच अंघोळ करून तयार असत. ज्यांना धड चालता येत नसे तेही कुणाचा तरी खांदा धरून येत. पैसे आले की ओट्यावर वेगळाच आवाज सुरू होई. कुणी तंबाखू आणी, कुणी बाजारातून शेव, कुणी लॉटरीचं तिकीट. एक आजोबा दाढी दोन दिवसांची असली तरी सलूनमध्ये जाऊन बसत. "आश्रमात न्हावी येतो की, मग सलून कशाला?" असं मी विचारलं तर म्हणाले, "हितं येनारा फुकट करतो, भाऊसाहेब. तो मान वाकडी करतो आन् मी गप बसतो. तिथं मी त्याला सांगतो, हळू कर."

आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, तसं मलाही सगळे म्हणत.

ठकूबाई मात्र काहीच आणत नसे. सत्तरीच्या पुढची, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत बाई. तिला मुलगा नव्हता. नवरा गेल्यावर जमीन पुतण्यांनी कसायला घेतली, आणि एक दिवस भांड्याकुंड्यांवरून बोलणं झालं तशी ती स्वतःच ट्रंक घेऊन आश्रमात आली. एकच मुलगी, कौसल्या, सोनईकडे दिली होती. जावयाच्या दारात राहायचं नाही हे ठकूबाईचं ठरलेलं होतं. मुलगी वर्षातून दोनदा येई, पंचमीला आणि दिवाळीला.

ठकूबाई दर महिन्याचे पैसे कमरेच्या पिशवीत टाकायची आणि पंचमी किंवा दिवाळी जवळ आली की माझ्या टेबलाशी येऊन त्यातले सुटे पन्नास रुपये ओतायची. "भाऊसाहेब, हे घ्या आन् एकच नोट द्या. पन्नासची. कोरी आसंल तर बघा." मी हसून नोट द्यायचो. म्हातारी चिक्कू आहे, पैसे साठवण्याचा नाद आहे, असं मी मनाशी धरलं होतं. त्या नोटेचं पुढे काय होतं हे पाहायची मला कधी गरज वाटली नाही.

रोख पैशांबरोबर भानगडीही असत. उशीखालचे पैसे नाहीसे होत आणि मग दोन म्हातारे एकमेकांना चोर म्हणत. एकाचा मुलगा बरोबर पैशाच्या दिवशी उगवायचा आणि बापाचे पैसे घेऊन दारूच्या दुकानात जायचा. साखरेचा आजार असलेली एक आजी पेढे खाऊन बेशुद्ध पडली. प्रत्येक वेळी निस्तरायचं मला. मला वाटलं, यातलं कुठलंच दुखणं माणसांचं नाही, पद्धतीचं आहे. आणि पद्धत बसवणं हे तर माझंच काम.

मी अण्णांपुढे योजना मांडली. रोख पैसे बंद. प्रत्येकाचा हातखर्च आश्रमात त्याच्या नावावर राहील. त्यातून महिन्याला साबण, खोबरेल, बिस्किटं, दंतमंजन असं घाऊक भावात आणून पिशवी भरून द्यायची. आणखी काही हवं असेल तर काय आणि कशासाठी ते सांगायचं, आम्ही आणून देऊ. जवळ असलेले पैसेही चोरी होऊ नये म्हणून ऑफिसात जमा करायचे. अण्णा खूश झाले. समितीत ठराव झाला. नवीन आर्थिक वर्षापासून, म्हणजे एप्रिलपासून, पिशव्या सुरू झाल्या. वार्षिक सभेत माझं नाव घेऊन कौतुक झालं. मला ते फार गोड लागलं, हेही सांगायला हवं.

ठकूबाईनंही पिशवी सोडून टेबलावर पैसे ओतले. साठवलेले सगळे. मी मोजून जमा केले. तिनं विचारलं, "मागितलं की देताल ना?" मी म्हणालो, "तुमचेच आहेत, आजी."

पहिला टोला पंधरवड्यातच बसला. गायकवाडबाबा म्हणून एक होते. साखर कारखान्याच्या बॉयलरवर हंगामी कामगार म्हणून उभा जन्म काढलेला, सडसडीत माणूस. बायकामुलं कुणी उरलं नव्हतं. दर वर्षी त्यांच्या वस्तीतली पोरं चौदा एप्रिलच्या जयंतीची वर्गणी मागायला आश्रमात येत, कारण बाबांनी त्यांना तसं बजावून ठेवलं होतं. बाबा पांढरा सदरा घालून, पोरांना ओट्यावर बसवून, दहा रुपये देत आणि पावतीवर नाव नीट लिहिलंय का ते वाचून घेत.

त्या वर्षी पोरं आली तसे बाबा माझ्यासमोर पिशवी घेऊन उभे राहिले. "भाऊसाहेब, वर्गणी बिस्किटात देऊ का साबणात?"

मी म्हणालो, "बाबा, कारण सांगा, मी ऑफिसातून पोरांना परस्पर देतो. तुमच्या नावावर टाकतो."

"तुमी देनार?"

"हो, मीच देतो."

"मंग पावती बी तुमच्याच नावानं फाडा," बाबा म्हणाले आणि चाळीत निघून गेले. मी पोरांना दहा रुपये दिले, पावती बाबांच्या नावानं घेतली आणि त्यांच्या खाटेवर नेऊन ठेवली. ती दुसऱ्या दिवशीही तिथंच पडलेली होती. बाबांचा स्वभाव तिरका आहे असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

पंचमीच्या आदल्या आठवड्यात ठकूबाई टेबलाशी आली.

"माजं पैसं द्या की थोडं."

"कशाला हवेत, आजी?"

ती कमरेची रिकामी पिशवी चाचपत उभी राहिली.

"काय हवं ते सांगा, आणून देतो. साडी हवी का? चप्पल?"

"मला काय नगं."

"मग पैसे कशाला?"

तिनं पिशवी परत कमरेला खोचली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." आणि गेली. आज मला कळतं की तिनं कारण सांगितलं असतं तर मी मागणीच्या यादीत 'खण, नग एक' असं लिहिलं असतं आणि बाजारातून आणून कौसल्येच्या हातात ठेवला असता. बहुधा तिलाही ते कळलं होतं.

पंचमीला कौसल्या आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली शेतकरी बाई. फडक्यात बांधलेला डबा घेऊन, गाड्या बदलत आली होती. आईसाठी पुरणाची दिंडं केली होती. मी ठकूबाईला सांगायला गेलो. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आजी, कौसल्या आलीय."

"तिला म्हनावं, झोपलीय."

"अहो, जाग्या आहात की. इतक्या लांबून आलीय ती."

"मला भेटायचं न्हाई," ती भिंतीलाच म्हणाली. "जा म्हनावं."

खोटं बोलायचं नाही असा माझा नियम होता. स्टोअरमध्ये तो फार उपयोगी पडायचा. मी बाहेर येऊन कौसल्येला सांगितलं, "त्या म्हणतात, भेटायचं नाही."

"बरं न्हाई का तिला?"

"तब्येत ठीक आहे. भेटायचं नाही म्हणाल्या."

ती आत जायला निघाली, तर मी दारात उभा राहिलो. म्हटलं, आता त्रागा करतायत, थोडं थांबा. आश्रमात असे रुसवेफुगवे रोजचे. ती ओट्यावर दुपारच्या गाडीपर्यंत बसून राहिली. जाताना डबा माझ्याकडे दिला. "गार झाल्यात. वाफ द्यायला सांगा," एवढंच बोलली. ठकूबाईनं त्या दिंडांतलं एकही खाल्लं नाही. बाजूच्या खाटांवर वाटून टाकली.

यापुढचं लिहायला मला जास्त जड जातं आहे.

दिवाळीच्या आधी साफसफाई काढली तेव्हा ठकूबाईच्या खाटेखाली मुंग्यांची रांग दिसली. ती तिच्या ट्रंकेत जात होती. मी ट्रंक उघडायला लावली. आत लुगड्याखाली बिस्किटांचे पुडे, साबणाच्या वड्या, तेलाच्या बाटल्या, महिनोन् महिन्यांच्या. तिनं एकही वापरली नव्हती. चौकशी केली तर स्वयंपाकीणबाई म्हणाली की, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला म्हातारी विचारून आली, हे घेऊन रोख देशील का म्हणून. त्यानं आश्रमाचा माल म्हणून हात लावला नाही.

मी तिला सगळ्यांदेखत बोललो. लोक देणग्या देतात त्या वापरायला देतात, साठवायला आणि विकायला नाही, असं काहीतरी. मग न वापरलेला माल परत स्टोअरला जमा करून घेतला. ठकूबाई शेजारी उभी होती. ट्रंक रिकामी झाल्यावर तिनं लुगडं घडी घालून परत आत ठेवलं आणि झाकण लावलं. एका शब्दानं भांडली असती तर कदाचित मी थांबलो असतो. हे मी माझ्या समाधानासाठी लिहितो आहे. थांबलो नसतो.

दिवाळीला ठकूबाई ओट्याच्या टोकाला बसून रस्त्याकडे बघत होती. गाडी आली की खाली मान घाली. कौसल्या आलीच नाही. भाऊबीज झाली, तरी नाही.

त्यानंतर एका दुपारी गायकवाडबाबा माझ्यासमोर येऊन बसले. एप्रिलपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत.

"भाऊसाहेब, ठकूबाईची लेक का आली न्हाई, ठावं हाय का?"

"आईनंच भेट नाकारली. तिला राग आला असणार."

"आन् आईनं का नाकारली?"

"मला काय माहीत?"

"दर खेपंला ती लेकीला पन्नासची नोट द्यायची. चोळीला. कोरी नोट, कुकू लावून. लेकीला भाऊ न्हाई, चुलतभाऊ ईचारत न्हाईत. या खाटंवर तिचं म्हायेर. लेक पंचमीला आली आन् म्हायेरातनं मोकळ्या हातानं गेली, तर सासरी काय सांगंल? म्हनून म्हातारीनं त्वांड लपवलं." बाबांनी बिडी विझवली. "तुमी वंगाळ मानूस न्हाई. पर तुमी समद्यास्नी घ्यायला बसवलं. द्यायचं काय हुतं ते काडून घेतलं."

मी विचारलं, "मग तिनं मला सांगितलं का नाही?"

"लेकीला चोळी द्यायला कारकुनाला कारन सांगायचं व्हय?" बाबा म्हणाले, आणि बिडीचं थोटूक कानावर ठेवून उठले.

मी दुसऱ्याच दिवशी सोनईला गेलो. गावाबाहेर वस्तीवर कौसल्येचं घर होतं. ती गोठ्यात शेण भरत होती. मला पाहून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आई गेली.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पैसे कुणी बंद केले, का केले, ट्रंकेचंही. ती मधेच एकदा खाली बसली.

"मला वाटलं, मी ठिवून घेतली न्हाई म्हनून तिचं मन विटलं," ती म्हणाली. "दिवाळीला पिशवी भरली हुती मी. मंग म्हनलं, कशाला तिला तरास." मग शेणाचे हात पुसत म्हणाली, "पन्नास रुपयात चोळी काय, भाडं बी सुटत नव्हतं, भाऊसाहेब. पर घरात आल्या आल्या सासूला सांगायची, आईनं चोळीला दिलं. सासू म्हनायची, बरं झालं. तेवढंच."

मी म्हणालो, "उद्याच चला. मी घेऊन जातो."

"आत्ता आले तर ती परत त्वांड लपवील. माझ्याजवळचं द्या म्हनलं आसतं, पर ती वळखंल. तिचं तिला द्या. तिच्या हातात आलं की मला बोलवा, तवाच येते." वस्तीजवळच्या दूध डेअरीत फोन होता, त्याचा नंबर तिनं मला लिहून घ्यायला लावला.

परत येऊन मी अण्णांकडे गेलो. रोख हातखर्च पुन्हा सुरू करायचा आहे म्हणालो.

"मग चोऱ्या, भांडणं?" अण्णा म्हणाले. "तुम्हीच सांगत होता ना?"

"होऊ द्यात चोऱ्या."

अण्णांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे. पण ठराव समितीचा आहे, समितीतच बदलावा लागेल. महिनाअखेरीला बैठक आहे."

आणि मी बैठकीची वाट पाहिली. तिचेच पैसे ऑफिसच्या कपाटात तिच्या नावावर होते, किल्ली माझ्या खिशात होती. त्याच संध्याकाळी तिच्या हातावर ठेवले असते तर कुणी मला फाशी देणार नव्हतं. पण ठराव असताना एकाला द्यायचे आणि बाकीच्यांना नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. एवढं सगळं कळल्यावरही मी स्टोअरचा कारकूनच राहिलो. ठकूबाईला एवढंच सांगितलं की महिनाअखेर पैसे हातात मिळतील, कौसल्या येणार आहे. ती म्हणाली, "पन्नासची एकच द्या." बाकी काही नाही.

बैठकीला चार-पाच दिवस राहिले असताना ठकूबाई सकाळी तोंड धुवायला उठली आणि मोरीशी कोसळली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. राहात्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जपून ठेवा, आणखी काही करण्यासारखं नाही. मी डेअरीत फोन केला. मग कपाट उघडलं, तिच्या नावावरचे पैसे काढले, बँकेत जाऊन कॅशियरकडे पन्नासची कोरी नोट मागितली. ठराव अजून झालेला नव्हता. अण्णांना मी संध्याकाळी सांगितलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं. महिनाअखेर बैठक झाली, पैसे पहिल्यासारखे ओट्यावर वाटणं सुरू झालं, चोऱ्याही सुरू झाल्या. त्यानंतर मी कुणालाही कशाला म्हणून विचारलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

कौसल्या नवऱ्याच्या मोटारसायकलवरून दुपारपर्यंत आली. जावई संकोचानं ओट्यावरच थांबला. मी तिच्या आधी आत गेलो आणि नोट ठकूबाईच्या डाव्या हातात दिली. तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. डाव्या हातानंच ती उजव्या तळव्यात ठेवली आणि त्या हाताची लुळी बोटं एकेक करून मिटवली.

कौसल्या खाटेशी जमिनीवर बसली. आईनं तिच्याकडे पाहिलं. या वेळी तोंड फिरवलं नाही. डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट धरून तिनं मूठ उचलली आणि लेकीच्या समोर आणली. कौसल्येनं पदर पसरला. मूठ पदरावर आली, पण बोटं उघडेनात. मला राहवलं नाही, मी पुढे झालो. माझ्या मागोमाग आत आलेल्या गायकवाडबाबांनी माझा दंड धरला.

"तुमी नगा," ते हळूच म्हणाले.

कौसल्याही हलली नाही. पदर तसाच धरून बसली. ठकूबाईनं मूठ लेकीच्या मांडीवर टेकवली, डावा हात मोकळा केला आणि मघाशी मिटवलेली बोटं परत एकेक करून उघडली. नोट पदरात पडली. ठकूबाईचा डावा हात मग कपाळाकडे गेला, काहीतरी शोधल्यासारखा. कौसल्येला कळलं. तिनं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटानं टिपलं आणि नोटेच्या कोपऱ्याला लावलं.

पदराला गाठ मारून ती उठली आणि दाराकडे आली. मी मागे सरून, पंचमीला उभा होतो त्याच जागी, दारात उभा होतो. मी बाजूला झालो. ती उंबऱ्यात थांबली आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला, आत खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, आईनं चोळीला दिलं."